काळ्या बाटल्यांचा पंचनामा

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण डोकं गरगरलं ते एका मास्तराच्या रिकाम्या बाटल्यांनी. १९७०च्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा जालन्याकडे फौजदार होतो.

बदनापूरकडच्या एका गावचा पोलीस पाटील सकाळीच धापा टाकत ठाण्यात आला. "साहेब, जल्दी चला. मास्तर भानामती करून राह्यला म्हणून लोक त्याला मारायला उठलेत."

गेलो. शाळेच्या ओट्यावर मास्तर बसलेला, सदरा फाटलेला, ओठातून रक्त. समोर गाव. एका शेतकऱ्याची दुभती म्हैस मेली होती, आणि मास्तराच्या खोलीत मातीने माखलेल्या काळ्या बाटल्या सापडल्या होत्या.

मला वाटलं, हातभट्टी. हवालदाराने एकेक बाटली हुंगली. "साहेब, वास निस्ता मातीचा."

"मास्तर, ह्या कशाला?"

"जमवतो."

"पण कशासाठी?"

"जमवायलाच, साहेब."

आता हे कोणत्या कलमात बसवायचं? पंचनाम्यात 'रिकाम्या बाटल्या, उपयोग कळत नाही' असं लिहिलं, आणि माझं मलाच हसू आलं.

मास्तराने एक बाटली उलटी केली. बुडाला खरखरीत वण होता. "तोंडाने फुंकून केलेली. तोंड घडवताना धरायला बुडाला लावलेली सळई मोडून काढली, त्याचा हा वण. अंगावर साच्याची शिवण नाही, म्हणजे जुनी. इथल्या रानात इंग्रजांच्या पलटणीचा तळ होता. पिऊन फेकलेल्या आहेत." मग त्याने ती उन्हात धरली. काळीभोर बाटली गर्द हिरवी झाली. गर्दी दोन पावलं मागे सरकली! झालं, होतं ते आणखी बिघडलं.

"रंग बदलला! बघा साहेब!" म्हैसवाला ओरडला. "अन् उकरतो कव्हा? अमावस्येलाच!"

मास्तराला विचारलं, अमावस्येलाच का? त्याने मान खाली घातली. मार खाल्लेला माणूस आपल्याच सुटकेचं उत्तर का गिळतो, हे मला कळेना.

पण मीही शेतकऱ्याचाच पोर. गावाला विचारलं, "अमावस्येला औत धरता का रे?"

"न्हाई साहेब. बैलं बसलेलेच आसतेत."

"म्हणजे त्या दिवशीच रान मोकळं. रान कोणाचं?"

मग मागून एक म्हातारा उठला. म्हैसवाल्याचा बाप.

"माझंच हाय. म्याच म्हन्लो व्हतो त्याला, बैलं बसले का ये. म्हैस मेली, पोरगं खवळलं, मंग माझी जीभच उचलली न्हाई."

"बा, तू?" म्हैसवाला त्याच्याकडे वळला.

मास्तर हळूच म्हणाला, "नाव घेतलं असतं तर लोकांनी त्यांनाही ओढलं असतं, साहेब."

मला त्या म्हाताऱ्याचा संताप आला, आणि दयाही. गुरांच्या डॉक्टरने नंतर सांगितलं, म्हैस कोवळी ज्वारी खाऊन, तिच्यातल्या विषाने मेली होती. तक्रार करायला मास्तर काही तयार झाला नाही. बदलीचा अर्ज मात्र त्याने लिहून खिशात ठेवला होता.

पुढच्या अमावस्येला मुद्दाम त्या बाजूने गेलो. मास्तर उकरत होता. म्हातारा बांधावर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा बसलेला. मला पाहून त्याने हाक मारली, "या साहेब. आज म्याच बोलावलंय त्याला."

भित्र्या साक्षीदारावर चिडण्याआधी तो कोणाला भितो ते पाहावं, एवढं त्या गावाने शिकवलं. रिकाम्या बाटल्या माणूस का जमवतो, हे मात्र मला अजून कळलेलं नाही. मास्तराने दिलेली एक माझ्या खिडकीत आहे. सकाळी ती हिरवी होते.