ढाल राखली तो दिवस

गोव्यात अजून पोर्तुगीज होते तेव्हाची गोष्ट. मालवण बंदरावरच्या आमच्या क्लबाने फुटबॉलची ढाल ओळीने काही वर्षं राखली होती. आम्ही सगळे मासेमार घरांतले, अनवाणी खेळणारे. पण आमचे दोन चांगले गडी मुंबईला गिरणीच्या टीमकडे गेले, आणि देवगडला एका आंबेवाल्या व्यापाऱ्याने पदरमोड करून बूटवाली टीम उभी केली. त्या वर्षी फायनलला तेच समोर आले. हरलो तर उरलेलेही पांगणार, हे प्रत्येकाच्या मनात होतं.

मी गोलकीपर. माझा चुलतभाऊ, आमचा दादा, सेंटर फॉरवर्ड. फायनलच्या सकाळी काकी, दादाची आई, बाजारातून मासे विकून आली ती टोपली न उतरवताच म्हणाली, "लोक बोलतत, देवगडच्या शेटान माझ्या झिलाक बारमाही काम देऊ केल्यान. खरां काय रे?"

मला ठाऊक नव्हतं. दादा किनाऱ्यावर फाटलेलं जाळं तुणत बसला होता. त्याला जाऊन विचारलं.

"आजचो खेळ आपलो आसा," तो मान वर न करता म्हणाला. "फाल्याचा फाल्या बघू." उद्याचं त्याने उद्यावरच ठेवलं.

"म्हणजे जातलंस?"

"तू गोल सांभाळ."

भात कापून मोकळ्या झालेल्या मळ्यात खेळ सुरू झाला. मेरेवर, शेताच्या बांधावर, पाय ठेवायला जागा नव्हती. देवगडने दादाला काम देऊ केल्याची बातमी गावभर झाली होती. बॉल दादाकडे गेला की माणसं ओरडायची थांबत आणि नुसती बघत. देवगडने पहिला गोल घातला. मग दादाला मोकळा बॉल मिळाला आणि त्याने तो खांबावरून उडवला.

"तो विकलो गेलो! विकलो गेलो!" मेरेवरून कोणीतरी ओरडलं. मग पुष्कळजण.

तो मुद्दाम करणार नाही, हे मी जाणत होतो. तरी क्षणभर मलाही शंका आली.

हाफटाइमनंतर त्याने डोक्याने एक गोल केला. खेळ संपत आला तेव्हा बूटवाल्या दोघांच्या मधून तो घुसला, पडला, आणि पडता पडता बॉल आत ढकलला. नडगी फुटली होती. मघाशी ओरडणारेच त्याला खांद्यावर घ्यायला धावले. त्यांना बाजूला सारून तो माझ्याजवळ येऊन बसला.

"ढाल रवली," तो म्हणाला. "आता माका जावक देतलंस?"

"रव ना रे, दादा."

"दर्यान औंदा काय दिल्यान? आवशीक किती वर्सां बाजारात बसवू?"

शिमग्याआधी तो लाँचने देवगडला गेला. मग आणखी तिघे मुंबईला निघाले. संध्याकाळी मी गोलात उभा राही, तेव्हा समोर बॉल मारायला कधी दोघे असत, कधी एकच.

पुढच्या वर्षी खेळ सोडलेल्या दोघा-तिघांना पुन्हा उतरवून आम्ही कशीबशी फायनल गाठली. समोर दादा. त्याने माझ्यावर दोन गोल केले. दोन्ही वेळा हात वर न करता मान खाली घालून मागे फिरला. काकी आयुष्यात पहिल्यांदाच मॅच बघायला आली होती. ढाल देवगडला गेली, आणि खेळ संपल्यावर तिने फडक्यातली भाकरी मोडून अर्धी माझ्या हातात दिली आणि उरलेली अर्धी घेऊन ती मळा ओलांडून त्याच्याकडे गेली.

त्यानंतर आम्ही टीम उतरवली नाही. अकरा जण जमलेच नाहीत.