आघाव सरांचा कोठारमास्तर

आघाव सर चिडले की पोरांना अहो-जाहो करायचे. "या साहेब, बसा, चहा सांगू का?" असं त्यांनी आठवीतल्या एखाद्या पोराला विचारलं की ते पोरगं दाराकडं सरकायला लागायचं. आणि खूश असले की "काय बे" म्हणायचे, मग समोर पोरगा असो की पोरगी. मला ते पहिल्यांदा "काय बे संगीता" म्हणाले, तेव्हा मी घरी जाऊन आईला मोठ्या कौतुकानं सांगितलं. मास्तर पोरीला बे म्हणतो यात मिरवण्यासारखं काय आहे, ते आईला शेवटपर्यंत कळलं नाही.

सर दिंद्रुडकडचे. मिलिटरीच्या भरतीत छाती भरली नाही म्हणून परत आले आणि ती सगळी खुन्नस त्यांनी आमच्या शाळेच्या कॅडेट पथकावर काढली. तसे ते भूगोल शिकवायचे, पण त्यांचा जीव मैदानावर. आवाज बारीक, अंगानं काटकुळे, पॅन्टला पट्टा नसता तर चालताना पंचाईत झाली असती. गावातले लोक हसायचे त्यांना. सरांच्या ते गावीही नसायचं.

शाळा होती संस्थेची, आणि संस्थेचे चेअरमन तेच साखर कारखान्याचे चेअरमन. गावात चेअरमनसाहेब म्हटलं की पुढं नाव लागायचं नाही. आघाव सर टेंपररी होते. त्यांना परमनंट करायची सही साहेबांच्या हातात होती आणि सरांच्या घरात कमावणारं दुसरं कुणी नव्हतं. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

मी आठवीत गेले त्या वर्षी पावसानं तोंडच दाखवलं नाही. कालव्यात पोरं क्रिकेट खेळायची. शाळेमागं सिमेंटची एक टाकी होती. टँकर आला की ती भरायची आणि पुढचा टँकर येईपर्यंत त्यावर सगळी शाळा. टँकर कधी येईल ते टँकरवाल्यालाही ठाऊक नसायचं. म्हणून टाकीला कुलूप लावलं होतं.

पथकाचा स्टाफ नेमायची सरांची रीत वेगळी होती. दुसऱ्या शाळांत उंच पोरगा बघायचे आणि त्याला कमांडर करून टाकायचे. आमचे सर महिनाभर नुसते बघत हिंडायचे. कोण बूट कसा ठेवतो, कोण दुसऱ्याची चुगली करतो, कोण मार खाऊनही खोटं बोलत नाही. मग एक दिवस सगळ्यांना उभं करून पदं सांगायचे. त्यात एक पद होतं क्वार्टरमास्टरचं, म्हणजे सामान सांभाळणारा. तो शब्द काही आमच्या जिभेवर बसेना. आम्ही म्हणायला लागलो कोठारमास्तर. सर आधी हसले, मग म्हणाले, "बरोबर हाय की. कोठार सांभाळतो तो कोठारमास्तर. हेच म्हणा." आणि त्या वर्षी बूट, पट्टे, ढोल यांच्या जोडीला त्यांनी टाकीची किल्लीही कोठारमास्तरच्या गळ्यात अडकवायचं ठरवलं.

साहेबांचा पोरगा विक्रम आमच्याच वर्गात. उंच, देखणा, बुटांना दुकानातल्यासारखी चकाकी. त्याच्यासाठी साहेब स्वतः शाळेत आले. ऑफिसच्या खिडकीला काच नव्हती, त्यामुळं पुढचं सगळं अख्ख्या आठवीनं ऐकलं. साहेब म्हणाले, झेंड्यापुढं आमच्या घराचा मान असतो, वडलांपासून चालत आलंय, तेव्हा कमांडर विक्रमच होईल.

सर म्हणाले, "मान घरी ठेवा साहेब. हितं नुसतं काम असतं."

मग साहेबांनी अगदी मऊ आवाजात विचारलं, "तुमची परमनंटची सही अजून माझ्याकडंच हाय ना, सर?"

"हाय की. सावकाश करा."

दुसऱ्या दिवशी सरांनी पदं सांगितली. कमांडर, मी. किराणा दुकानदाराची पोरगी. विचारलंच कुणीतरी, हिला का म्हणून. सर म्हणाले, हिचा आवाज मैदानाच्या त्या टोकाला जातो, दुकानात बसून तयार झालाय. खरंच होतं ते. आजही परळीत माझ्या दुकानासमोरून उधारीवाला मान खाली घालून जात नाही, दुसऱ्या गल्लीनं जातो. घरी मात्र अण्णांनी कपाळाला हात लावला. कारखान्याच्या कॅन्टीनला आमचा किराणा जायचा. अण्णा म्हणाले, सरांना सांग, मला नको म्हणून. मी म्हणाले, मी नाही सांगणार, तुम्ही सांगा. ते काही गेले नाहीत आणि मी पंधरा ऑगस्टला अशी ओरडले की व्यासपीठावरचे साहेबही दचकले.

आणि कोठारमास्तर केला विक्रमला. तो लालेलाल झाला. "मी काय पाणक्या हाय का, सर?"

सर चिडले नाहीत. त्याला जवळ घेऊन म्हणाले, "संगीता चुकली तर लोक हसतील. तू चुकलास तर पोरं तहानेनं घरी जातील. यातलं अवघड काम कुणाला दिलं, बघ बे तूच."

पहिले काही दिवस विक्रमनं नाक मुरडत पाणी वाटलं. मग त्याचं त्यालाच काय झालं कुणास ठाऊक. सुट्टीत टाकीपाशी उभा राहायला लागला. स्वतःच्या चुलतभावाला रांगेतून मागं पाठवला. बारक्या पोरांना आधी, मग पोरी, मग आम्ही, मग मास्तर. सरांनाही ग्लास मिळायचा तो शेवटी, आणि सर तो हसत घ्यायचे.

मग कारखान्याची वार्षिक सभा आली. सभासद गावोगावचे, मंडप आमच्या मैदानावर, बाहेरचे मोठे पाहुणे येणार. मैदानात नुसता फुफाटा. पाहुण्यांच्या गाड्यांनी धूळ उडू नये म्हणून सडा मारायचा ठरलं आणि त्यासाठी साहेबांची माणसं टाकी रिकामी करायला ट्रॅक्टर घेऊन आली. विक्रमनं किल्ली दिली नाही. माणसं हसली, अरे तुझ्याच घरचं काम हाय म्हणाली. तो कुलपाला पाठ लावून उभा राहिला. तेव्हा त्यांनी साहेबांना बोलावून आणलं.

साहेब येताना दिसले आणि मला काय झालं माहीत नाही, मी पोटातून ओरडले, "पथक, सावधान!" खेळणारी, डबा खाणारी, आडोशाला गेलेली, सगळी पोरं पळत आली आणि टाकीभोवती कडं करून उभी राहिली. कुणाच्या हाताला भाजी लागलेली, कुणाची टोपी उलटी.

साहेबांनी पोरांकडं बघितलंच नाही. ते आघाव सरांना म्हणाले, पोराला सांगा किल्ली द्यायला. सरांची नोकरी, सही, घर, सगळं त्या एका वाक्यात होतं आणि तिथं उभ्या प्रत्येकाला ते कळत होतं.

सर म्हणाले, "माझ्या हातात न्हाई साहेब. टाकी कोठारमास्तरच्या ताब्यात हाय. मी बी त्यालाच इचारून पाणी पितो."

मग साहेब विक्रमकडं वळले. विक्रमनं सॅल्यूट केला. बापाला घरी तो दादा म्हणायचा, पण तिथं म्हणाला, "साहेब, हे पाणी पोरांच्या प्यायचं हाय. सड्याला देता येत न्हाई."

सभासद जमायला लागले होते. त्यांच्यादेखत साहेब काय करणार? ट्रॅक्टर रिकामा गेला. सभा फुफाट्यातच झाली आणि पाहुण्यांच्या पांढऱ्या टोप्या तांबूस होऊन घरी गेल्या. मला इतका आनंद त्याआधी कधी झाला नव्हता.

पुढं विक्रम काही दिवस शाळेत आला नाही. आला तेव्हा गालावर वळ होते. सरळ सरांकडं गेला आणि किल्ली परत मागितली. सरांनी ती त्याच्या गळ्यात घातली.

सही अर्थातच झाली नाही. पुढच्या जूनमध्ये शाळा उघडली, आभाळ तसंच कोरडं होतं, आणि सरांना कळवण्यात आलं की यंदा तुमची गरज नाही. मी रडत त्यांच्याकडं गेले. म्हणाले, सर, आमच्यामुळं झालं. सरांना ते आवडलं नाही. "तुमच्यामुळं कसं? पदं मी दिली. परत द्यायची पाळी आली तर हीच देईन."

सर गाव सोडणार होते त्याच दिवशी नवीन सरांनी मैदानावर साहेबांच्या मर्जीतली पदं सांगितली. मी साधी कॅडेट. कमांडर विक्रम. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. विक्रम पुढं आला, आमच्यासमोर उभा राहिला, आणि नवीन सरांकडं न बघता त्यानं पहिलाच हुकूम दिला. "दाहिने मुड. तेज चल." दाहिने म्हणजे उजवीकडं, आणि उजवीकडं होतं फाटक. आम्ही फाटकातून बाहेर पडलो, बाजारातून गेलो, अण्णांच्या दुकानावरून गेलो. नवीन सर मागं शिट्ट्या वाजवत राहिले.

स्टँडवर सर सिरसाळ्याला जाणाऱ्या जीपमध्ये बसत होते. मांडीवर वळकटी. विक्रमनं पथक थांबवलं आणि सगळ्यांनी सॅल्यूट केला. माणसं जीपमधून वाकून बघायला लागली. सर खाली उतरले. रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांनी सगळ्यांकडं बघितलं आणि मग एकदम विचारलं, "शाळा सुटली का?"

"न्हाई, सर."

"मग टाकीवर कोण हाय?"

विक्रमनं आमच्याकडं बघितलं, आम्ही त्याच्याकडं. टाकीवर कुणीच नव्हतं. टँकर सकाळीच येऊन गेला होता, टाकी भरलेली, आणि किल्ली अजून विक्रमच्याच गळ्यात.

"पळा," सर म्हणाले.

आम्ही पळालो. जीप सुटल्याचा आवाज मागून आला, पण एकानंही मान वळवली नाही. सर जाताना आमच्यातल्या कुणालाच दिसले नाहीत.