लिहून झाल्यावरचं 'व्हय'

पलूसच्या एका दवाखान्यात मी पेशंटच्या नोंदी करायचो आणि त्या साठवणारा आमचा सर्व्हर सांभाळायला सांगलीहून एक तंत्रज्ञ यायचे. त्यांना काहीही सांगा, आधी खिशातल्या वहीत लिहिणार आणि मगच "व्हय" म्हणणार. तोवर समोरचा ताटकळत उभा.

सर्व्हरलाही त्यांनी हीच सवय लावली होती. नोंद एसएसडी डिस्कवर उतरल्याशिवाय तो 'जतन झाली' असं दाखवायचाच नाही. मी वैतागायचो. "आवं, नुसत्या रॅममध्ये ठेवा की! लय पटकन हुईल."

"रॅम लय पळती, पर लाइट गेली की समदं इसरती," एवढंच ते म्हणायचे.

एकदा एका बाईंना कुठलं इंजेक्शन चालत नाही, ते मी नोंदवलं. 'जतन झाली' उमटलं आणि त्याच क्षणी लाइट गेली. परत आली तेव्हा नोंद जागच्या जागी होती. त्यानंतर मी कधी कुरकुरलो नाही.

माझ्या निवृत्तीच्या दिवशी त्यांना सहज म्हणालो, "आमास्नी इसरू नका."

त्यांनी चष्मा लावला, वही काढली, माझं नाव सावकाश लिहिलं.

मग म्हणाले, "व्हय."