ओळखपरेडीतला नट

ती घटना आठवली नाही असा आठवडा माझ्या आयुष्यात गेलेला नाही. मात्र आजवर मी ती जशी सांगत आलो, तशी ती घडली नव्हती. नव्या फौजदारांच्या वर्गात मी ती अनेकदा सांगितली. ओळखपरेड नीट झाली तर एका साक्षीदारावर खटला कसा उभा राहतो याचा नमुना म्हणून. माझ्या निरोप समारंभात वरिष्ठांनी तिचा उल्लेख केला तेव्हा मी उभा राहून हात जोडले होते. आता सोलापुरात घरी बसून ती दुरुस्त करतो आहे. नावे कुणाचीच देत नाही. ज्याच्यावर अन्याय झाला, त्याचे नाव वर्तमानपत्रात एकदा छापून आले तेवढे पुरे झाले.

तेव्हा मी जिल्ह्याच्या पश्चिम भागात, ऊसपट्ट्यातल्या एका ठाण्यात फौजदार होतो. हंगाम सुरू होता. श्रीपूरच्या साखर कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॅक्टर-बैलगाड्यांनी रस्ते भरलेले, आणि ठाण्यातली निम्मी माणसे अपघातांचे पंचनामे करण्यात गुंतलेली. एका दुपारी खबर आली की गावाबाहेरच्या वस्तीवर एका तरुण सुनेचा गळा आवळून खून झाला आहे.

घरातले पुरुष लांबच्या फडात तोडणीवर होते. घरी सून, आणि मागे गोठ्यात सासू. कुणीतरी पाणी मागायला आला असावा, कारण ओट्यावर पाणी सांडलेले होते आणि पितळी तांब्या गायब होता. सुनेच्या गळ्यातली बोरमाळ गेली होती. कुत्रे भुंकले म्हणून सासू गोठ्याबाहेर आली, तेव्हा एक माणूस अंगण ओलांडून उसात शिरताना तिला दिसला. तिचा पहिला जबाब मीच घेतला. उंच, नाकेला, मिशा असलेला. तोंडातून शब्द काढला नाही. एवढेच. शेजारच्या गावची एक बाई कालव्याकडेला शेरडे राखत होती, तिनेही तो माणूस उसातून रस्त्यावर येताना पाहिला होता. पोलिसांचे श्वान रस्त्यापर्यंत गेले आणि तिथेच घुटमळले.

पुढचे दिवस वाईट गेले. मोर्चा आला. वरिष्ठांचा रोज सकाळी फोन. आणि त्या सुनेचा नवरा रोज ठाण्यात येऊन बाकावर बसायचा. काही विचारायचा नाही. मी समोरून गेलो की उभा राहायचा, मी मान हलवली की पुन्हा बसायचा. शिव्या देणारा माणूस परवडतो. तो परवडत नव्हता.

मग नातेपुत्याच्या बाजारात कुल्फी विकणाऱ्या आमच्या खबऱ्याने निरोप आणला. जवळच एका तमाशा मंडळाच्या राहुट्या पडल्या होत्या. त्यातला एक नट त्या दुपारी बराच वेळ जागेवर नव्हता, आणि परत आला तेव्हा त्याच्या मनगटावर ओरखडे होते. "सोंग करणारा माणूस हाय साहेब," खबऱ्या म्हणाला, "आत काय आन भाईर काय, कळायचं न्हाय."

नट उंच होता, नाकेला होता, मिशा स्वतःच्या होत्या. त्याला जीपमध्ये घालून निघालो तेव्हा मंडळाचा मालक मागे धावत आला. त्यांचे दोन वग होते आणि दोन्ही याच्याच जिवावर चालायचे. एकात हा राणीचा गळा आवळणारा दगाबाज सेनापती, दुसऱ्यात गरीब बाईसाठी स्वतःची मान देणारा राजा. माझे हवालदार तमाशाचे शौकीन. त्यांनी दोन्ही पाहिले होते आणि वाटेत ते मला कौतुकाने सांगत राहिले, आरोपी मागच्या सीटवर बसलेला असताना. ज्या गावाने सेनापती पाहिला तिथे दुसऱ्या दिवशी याला कोणी पाणी देत नसे. ज्या गावाने राजा पाहिला तिथे बाया लेकरे आणून पायावर घालत.

तपासात हवालदार आणि मी दोघे मिळून काम करायचो. ते ओरडायचे, टेबल आपटायचे. थोड्या वेळाने मी आत जायचो, त्यांना बाहेर काढायचो, चहा मागवायचो. ही जुनी पद्धत आहे आणि बहुतेकांवर चालते. नटाने चहा घेतला आणि हवालदार गेले त्या दाराकडे पाहत म्हणाला, "त्यांचा राग घशातला हाय, पोटातला न्हाय. पन तुमचं खरं वाटतं."

मला ते आवडले होते, हे कबूल करतो.

त्या दुपारी तो कालव्याच्या काठी एकटा होता म्हणे. नवा वग बसत होता, त्यात त्याला साधूचे काम होते आणि तो पाठांतर करायला गेला होता. राहुटीत का नाही, असे मी विचारले. "सगळी हसत्यात साहेब. वाईट मानूस उभ्या उभ्या जमतो. चांगल्याला तालीम लागती." मनगटावरचे ओरखडे राणीचे काम करणाऱ्या बाईचे, गळा आवळण्याच्या प्रवेशात ती रोज बोचकारायची. मी तिला विचारले. तिने नखे पुढे केली आणि रडायला लागली. मी लिहिले: मंडळातील व्यक्ती, आरोपीशी हितसंबंध.

दोन्ही साक्षीदारांना पाचारण करून तालुक्याच्या तुरुंगात ओळखपरेड ठेवली. तोवर नियमाप्रमाणे आरोपीला बुरख्यात नेले-आणले. परेड नायब तहसीलदार घेतात, पोलिसाने आत थांबायचे नसते. मी फाटकाबाहेर उभा होतो. नायब तहसीलदार हसत बाहेर आले. म्हाताऱ्या सासूने रांगेपुढे दोन पावले टाकली आणि थेट नटाच्या छातीवर हात ठेवला. शेरडेवाल्या बाईने मात्र त्याला ओळखले नाही. "उलट नमस्कार केला हो तिनं त्याला," ते म्हणाले. मीही हसलो.

त्या दिवशी पहिल्यांदा मी नटाशी कडक आवाजात बोललो. मुद्देमाल कुठे लपवला ते सांग म्हणालो. त्याने माझ्या तोंडाकडे नीट पाहिले. "आता तुमी दुसऱ्या वगात आला," म्हणाला.

संध्याकाळी म्हातारीला घरी सोडण्याआधी ठाण्यात चहा दिला. मुलगा बाहेर बाकावर होता. तिने चहा बशीत ओतला. म्हणाली, "तसाच हसला हुता बगा, गळा दाबताना. म्हनला, हाक मार तुज्या देवाला, बगू कोन येतं."

पहिल्या जबाबात तो माणूस एक शब्द बोलला नव्हता. आणि गळा दाबताना तिने पाहिलेच नव्हते. मी हवालदारांकडे पाहिले. त्यांचा कप हातातच राहिला होता. ते हळू आवाजात म्हणाले, "साहेब, हे सेनापतीचं वाक्य हाय. वगातलं."

मी म्हातारीला विचारले, खेळ पाहिला होता का? ती दाराकडे पाहू लागली. आमच्या भागात तमाशाच्या मंडपात घरंदाज बाईमाणूस जात नाही. पण जत्रेचे मैदान गावात असते, आणि मैदानाभोवती माळवदाची, सपाट मातीच्या छपराची घरे असतात. दिवे खाली असतात, वर अंधार असतो. कुठल्या घरच्या बाया कुठल्या माळवदावर पालथ्या पडून काय पाहतात, हे सगळ्या गावाला ठाऊक असते आणि कुणालाच ठाऊक नसते.

"माळवदावरनं," ती म्हणाली. "मागल्या जत्रंला. आमी दोगीबी हुतो, मी आन सून. लई रडली त्या राणीसाटी. मला घट्ट धरून बसली हुती. पोराला सांगू नका साहेब. त्याला न्हाय चालायचं."

मी म्हणालो, नाही सांगत.

म्हातारी खोटे बोलत नव्हती. तिच्या डोक्यात दोन गळे एक झाले होते. शेरडेवालीच्या गावी राजाचा वग झाला होता, हे मी दुसऱ्याच दिवशी विचारून घेतले. म्हणजे परेडीत दोघींनी माणूस ओळखलाच नव्हता, आपापल्या गावात झालेला वग ओळखला होता. हे मला दोषारोपपत्र जाण्याआधी कळले होते. मी शेरडेवालीला साक्षीदारांतून वगळले. म्हातारीला समजावले की कोर्टात फक्त अंगणातले सांगायचे, हसण्याचे नाही, बोलण्याचे नाही. हवालदार काही बोलले नाहीत. त्यांना मी कधी विचारलेही नाही. बाकावर तो नवरा बसलेला होता आणि मी त्याला पहिल्यांदाच "सापडला" असे सांगितले होते. तो शब्द परत घेण्याची ताकद माझ्यात नव्हती, असे मी स्वतःला पुष्कळ वर्षे समजावले. खरे तर मला वरिष्ठांची शाबासकी मिळाली होती आणि तीही परत द्यायची नव्हती.

सत्र न्यायालयात आरोपीला सरकारी खर्चाने दिलेला तरुण वकील होता. त्याने बरोबर प्रश्न विचारला, हे त्याच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. आरोपीने त्याला सांगितले होते की त्या गावात खेळ झाला होता.

"आजी, तुम्ही याला तमाशात पाहिलं होतं ना?"

म्हातारीने पदर सावरला. मुलगा पहिल्या रांगेत बसला होता. "आमच्या घरच्या बाया तमाशा बगत न्हाईत," ती म्हणाली.

सगळ्यांना ते पटले. मुलाने मान हलवली. वकील ओशाळला आणि खाली बसला. मी तपास अधिकारी म्हणून तिथेच होतो. आरोपी माझ्याकडे पाहत होता. मी तिला शब्द दिला होता, आणि तो पाळला. माझ्या नोकरीत इतक्या काटेकोरपणे पाळलेला दुसरा शब्द मला आठवत नाही.

जन्मठेप झाली. अपील फेटाळले गेले. मंडळ दुसऱ्या हंगामाला उभे राहिले नाही.

तो सगळी शिक्षा भोगून बाहेर आला, त्यानंतरची गोष्ट. माझी निवृत्ती जवळ आली होती. शेजारच्या जिल्ह्यातल्या एका अधिकाऱ्याचा फोन आला. त्यांच्याकडच्या खुनात धरलेला एक माणूस, पूर्वी ऊस वाहणारा ट्रॅक्टरवाला, आमच्या हद्दीतला त्या सुनेचा खूनही मीच केला म्हणत होता. पाणी प्यायला घेतलेला तांब्या हातातच राहिला आणि पुढे उसात फेकला, असे तो म्हणाला. तांब्याची गोष्ट कुठे छापून आलेली नव्हती. मी म्हणालो, आमची केस निकाली आहे, आरोपी सुटूनही गेला. ते बरे म्हणाले. पुढे तो ट्रॅक्टरवाला कोठडीत आजाराने वारला, आणि मी निरोप समारंभात हात जोडले.

यंदा मी नटाला शोधले. सोलापुरातच निघाला, माझ्या घरापासून रिक्षाने जाण्याच्या अंतरावर. शाळांच्या स्नेहसंमेलनांना कपडे भाड्याने देतो. एका दोरीवर राजाचे अंगरखे आणि राक्षसाचे झगे शेजारी शेजारी लटकलेले. मिशा गेल्या आहेत, पाठ वाकली आहे. त्याने मला लगेच ओळखले आणि स्टूल पुसून दिले. मी सगळे सांगितले, माळवदासकट. प्रतिज्ञापत्र करून देतो म्हणालो.

त्याने एका मुकुटाचे सुटलेले मणी दोऱ्यात ओवायला घेतले.

"कोर्टात कोन बगाय येतं साहेब? त्या गावात सांगा." मग म्हणाला, "वाईट मानसं लई केली. रंग पुसला की उतरायची. ही एकच अंगाला चिकटली."

जत्रेच्या आदल्या सकाळी आम्ही दोघे गेलो. तो म्हणाला, मी मागं थांबतो. देवळाच्या सभामंडपात पंधरा-वीस माणसे होती, सुनेचा नवरा त्यांत होता. आता केस पांढरे झालेला. म्हातारी केव्हाच वारली होती. मी माझे नाव, हुद्दा सांगितला आणि जे वर लिहिले ते सगळे उभ्याने सांगितले. एका एका माणसावरून माझी नजर फिरत होती. नट खांबाला टेकून त्यांच्यातच उभा होता, आणि एकानेही त्याला ओळखले नव्हते.

नवरा म्हणाला, "आई तमाशा बगायची?"

मी हो म्हणालो.

"आन तीबी हुती? माळवदावर?"

"हो. आईंना धरून बसली होती. रडली म्हणाल्या."

तो खाली बसला. मान वर न करताच म्हणाला, "मंग इतकी वर्सं मी शिव्या कुनाला घातल्या?"

"मलाच की," खांबाजवळून आवाज आला. "पोचत हुत्या."

सगळे वळले. नट पुढे आला, टोपी काढली आणि त्या नवऱ्यासमोर जमिनीवर बसला. नवऱ्याने त्याच्याकडे पुष्कळ वेळ पाहिले. हात जोडले नाहीत, शिवीही दिली नाही. मग माझ्याकडे वळून विचारले, "आन ज्यानं केलं, त्याला बगितलं कुनी?"

मला उत्तर माहीत होते. त्याला नीट असे कुणीच पाहिले नव्हते, आणि मी कुणाला नीट शोधूही दिले नव्हते.

या केसने मला काय शिकवले, असे आता कुणी विचारले तर माझ्याकडे वर्गात सांगण्यासारखे एकच आहे. साक्षीदाराची खात्री हा पुरावा नव्हे. ती खात्री कुठून आली ते त्याला विचारायचे, आणि उत्तर आपल्या सोयीचे नसले तरी लिहून घ्यायचे. मी विचारले होते. मला उत्तरही मिळाले होते.