चेरीच्या झाडावरची सीडी

लिओकादिया म्रुक हिला डेट्रॉइटला खेटलेल्या आमच्या पोलिश हॅमट्रॅमकमध्ये सगळे मावशीच म्हणतात. जन्मभर मोटारींच्या सीटांची कव्हरं शिवली, दोन संप केले, नवऱ्याला पोचवलं आणि सत्तरी उलटल्यावर लायब्ररीत बसून कॉम्प्युटर शिकली. आमच्या भाडेकरू संघटनेचं पत्रक तीच टाइप करायची, तीच छापायची. मी भांडायची. तेवढंच मला येतं.

त्या जूनमध्ये आमची इमारत विकली गेली आणि नव्या मालकाने दारोदार चिठ्ठी चिकटवली : जुने करार संपले, सोमवारी माझा माणूस येईल, नव्या करारावर सह्या करा. धडधडीत थाप! मालक बदलला म्हणून करार मरत नाही. पण आमची म्हातारी माणसं कोट घातलेला माणूस दिसला की पेन शोधायला लागतात. म्हणून रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या दारात पत्रक वाटायचं ठरलं. आणि नेमकी शुक्रवारी मावशीच्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क गेली. पत्रकही तिच्याबरोबर गेलं.

"हातानं लिहू," मी म्हटलं.

"हातानं लिहिलेलं बघून लोक म्हणतील, हलिना परत पिसाळली. छापलेलं असलं की वाचतात."

संघटनेने पिएरोगी, म्हणजे आमच्या उकडलेल्या पोलिश करंज्या, विकून जमवलेल्या पैशांतून नवी डिस्क आणली. स्क्रू मी पिळले. मावशीने ऑपरेटिंग सिस्टीमची सीडी घातली, तर पडद्यावर उत्तर आलं : ही सीडी अपग्रेडची आहे, आधीची सिस्टीम या मशीनवर नाही, तिची सीडी दाखवा. कोऱ्या डिस्कवर आधीचं काय असणार, कपाळ?

मावशीने कंपनीला फोन लावला. बराच वेळ बाजा ऐकवल्यावर एक पोरगा बोलला.

"मॅडम, अपग्रेड फक्त जुनी सिस्टीम असणाऱ्यांसाठी असतं."

"होती की. जुनीही विकत घेतली, नवीही."

"कुठंय ती जुनी?"

"मेलेल्या डिस्कवर."

"मग तिची सीडी घाला. नसेल, तर पूर्ण नवी विकत घ्या."

"म्हणजे मी चोर?"

"तसं नाही म्हटलं मी, मॅडम. फक्त सिद्ध करा."

मी असते तर फोन भिंतीवर फोडला असता. मावशीने तो हळूच ठेवला आणि खिडकीबाहेर बघत बसली. परसात तिचं आंबट चेरीचं झाड. त्यावर फुकट इंटरनेटच्या जाहिरातीच्या सीड्या लोंबत होत्या. टपालातून ढिगाने यायच्या असल्या. उन्हात चमकल्या की पाखरं बिचकतात, म्हणून आमच्याकडे घरोघरी टांगायचे.

"त्यातच टांगलीय गं मी ती," मावशी म्हणाली. "नवी आली, म्हटलं जुनीचं काय करायचंय!"

"समोरच्या दारातल्या म्हाताऱ्या झिगमुंटकडे तस्सलीच आहे. आणते. मशीनला काय कळतंय कुणाची ते?"

"खबरदार! मला सिद्ध कर म्हणाला ना मेला? आता माझीच दाखवीन."

शनिवारी सकाळी शिडी लावून मी झाड भादरलं. पावसाने सगळ्यांवरची छपाई गेलेली, एकीसारखी दुसरी. पाखरांची घाण वर. मी भांडी घासायच्या साबणाने धुतल्या, मावशीने टूथपेस्ट लावून पुसल्या. एकेक घालायची, मशीन घरघरायचं आणि थुंकून टाकायचं. स्वतःच्याच वस्तूसाठी विष्ठा खरवडत बसलेली ती बाई बघून मी त्या कंपनीला शिव्या घातल्या. जिने शिवलेल्या सीटांवर अर्धी अमेरिका बसली, तिच्याकडे एक डबडं पुरावा मागतंय!

दुपार कलली तेव्हा एक सीडी आत गेली आणि बाहेर आली नाही. पडद्यावरचं काम पुढे सरकलं. आता मावशी देवाचं नाव घेईल असं वाटलं.

"हरामखोर," ती म्हणाली आणि टाइप करायला बसली.

पत्रकाच्या माथ्यावर तिने मोठ्या अक्षरांत घातलं : "जुना करार जिवंत आहे. फेकू नका." खाली बारीक : "झाडाला टांगला असेल तर उतरवा."

"हे कुणाला कळणार आहे?" मी म्हटलं.

"तू वाट ना."

सोमवारी मालकाचा माणूस आला. पहिलंच दार झिगमुंटचं. त्याने आपला जुना करार सदऱ्याच्या खिशात घडी करून ठेवला होता.

"इथं सही करा, आजोबा."

"आधी तू सांग, मालक कोण? कशावरून? सिद्ध कर."

शेजारची दारं उघडली. सगळ्यांच्या हातात आपापले कागद. तो माणूस कोऱ्या करारांचा गठ्ठा काखेत मारून जिना उतरला. माझी शिवी त्याच्या पाठोपाठ गेली.

मग परसात गेलो, तर सीड्या परत टांगायच्या राहूनच गेल्या होत्या आणि काळ्या साळुंक्या झाडावर तुटून पडलेल्या. एक चेरी शिल्लक नव्हती. मी दगड उचलला.

"राहू दे," मावशी म्हणाली. "यांनी निदान पावती तरी मागितली नाही."

ती जुनी सीडी तिने धुऊन, पुसून, देवाच्या तसबिरीमागे ठेवली.