शिवेवरची बांधी

नाकतोडा म्हटला की लोकांना लहानपणीची गंमत आठवते. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात जाते.

आरमोरीकडचं आमचं गाव, सगळी धानाची शेती. बाबा राजुऱ्याकडे कोळशाच्या खाणीत, महिन्यातून एकदा घरी येत. पगारातून वाचवून वाचवून त्यांनी गावच्या शिवेवर धानाची एक बांधी घेतली. सात पिढ्यांत आमची पहिली जमीन. बाबा येईल-जाईल त्याला सांगायचे, "गावात इतके लोक असून मालकानं आपल्यालेच देल्ली!" आई चिखलात उभी राहून नुसती हसायची.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गाव मारबत काढायचं. पहाटे पळसाच्या फांद्या घेऊन घराघरातून आरोळी, "ढेकूण, डास, नाकतोडे घेऊन जा गे मारबत!" मग ती सगळी इडापीडा गावाबाहेर नेऊन टाकायची. आम्ही बौद्ध झालेली माणसं, त्यात जात नव्हतो. कुठं नेऊन टाकतात, हे कधी विचारलंही नाही.

ऐंशीनंतरच्या त्या एका वर्षी पोळा झाला आणि आमच्या धानावर नाकतोडे तुटून पडले. पानांच्या नुसत्या शिरा उरल्या. त्यावर उपाय होता. बांधीतल्या पाण्यावर थोडं रॉकेल टाकायचं आणि दोन बाजूंच्या धुऱ्यांवरून, म्हणजे बांधांवरून, दोर धरून धानावरून ओढायचा. किडे पाण्यात पडतात नि मरतात. पण ओला दोर आम्हा मायलेकींना झेपेना. आई शेजारच्या वावरातल्या शेतकऱ्याकडे गेली.

"भाऊ, दोन मानसं द्या ना. सकाळभराचं काम हाय."

"नाई जमत बाई. शिवेवर टाकलेलं पुन्हा अंगाले लावून गावात आनाचं का?"

"काय टाकलं? कोनं टाकलं?"

त्यानं आमच्या धुऱ्याकडे बोट केलं. गवतात पळसाच्या फांद्यांचा ढीग वाळत पडला होता. आम्ही तो रोज पाहत होतो, सरपणाला कुणी ठेवला असेल असं समजून.

आई कडाडली, "माह्या बांधीत काऊन टाकता रे?"

"अवं, बापजाद्यापासून इथीच टाकून राह्यलो." त्याच्या बोलण्यात कपट नव्हतं, हेच मला जास्त झोंबलं. "म्हनून त हे बांधी कोनी घेत नोहोतं. तुमाले देल्ली."

आई परत आली, दोराचं टोक माझ्या हातात दिलं. हाताची सालटी निघेस्तोवर आम्ही ओढलं. धान गेलं ते गेलंच. नाकतोड्यांना कुठली मारबत कळते? त्यांना शिवेवरचं पडीक गवत कळतं, तिथंच ते वाढतात. पण गावाला कोण सांगणार!

बाबा घरी आले तेव्हा आईनं एवढंच सांगितलं, "नाकतोड्यानं खाल्लं." फांद्या तिनं आदल्या दिवशीच चुलीत घातल्या होत्या.

बाबा धुऱ्यावर बसले, म्हणाले, "जाऊ दे. जमीन त हाय ना आपली. गावात इतके लोक असून..."

"हो ना," आई म्हणाली. "आपल्यालेच देल्ली."