पश्चिमेची भिंत

नीळकंठराव सिंचन विभागातून निवृत्त झाले आणि कैक वर्षांत पहिल्यांदाच मे महिन्यातली दुपार त्यांनी स्वतःच्या घरात काढली. मध्य प्रदेशात बालाघाटातलं ते घर त्यांच्या वडिलांनी बांधलेलं, भरीव विटांचं. त्या जाड भिंतींची नीळकंठराव आल्यागेल्यापुढे तारीफ करत. त्या दुपारी ते मागच्या खोलीत पश्चिमेच्या भिंतीला टेकून बसले आणि चटका बसल्यासारखे सरळ झाले.

"अलका, ही भिंत तर तव्यावाणी तापली."

"हौ," त्यांच्या पत्नी अलकनंदाबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या. "मी लग्न होऊन आली तवापासून तापते. तुम्ही ऑफिसात कूलरपुढं राहायचे."

नीळकंठरावांनी ते ऐकलं की नाही, कोण जाणे. ते मोबाइलवर व्हिडिओ पाहण्यात गढले होते.

भिंतीवरचं ऊन अडवायचं तर बाहेरून अडवणं बरं, हे व्हिडिओतही सांगितलं होतं. पण बाहेर शेजारच्या घनश्यामची मोकळी जागा. तिथं कामाला चढायला बांबूंचं पायाड बांधायचं तर त्याला विचारावं लागलं असतं, आणि घनश्यामशी नीळकंठरावांचा अबोला होता. तुमच्या गच्चीचा पाइप फुटलाय, एवढंच तो कधीतरी म्हणाला होता. सिंचन खात्याच्या माणसाला पाण्याचं कुणी शिकवावं, हे काही नीळकंठरावांच्या पचनी पडलं नव्हतं.

तेव्हा काम आतूनच करायचं ठरलं. हिरालाल सुतारानं भिंतीवर लाकडी पट्ट्यांची चौकट ठोकली, तिच्यात थर्मोकोलचे जाड तक्ते बसवले आणि वरून जिप्सम बोर्ड लावून रंग दिला. खोली खरंच गार झाली. फक्त भिंत पुढे सरकल्यामुळे कपाटाचं दार अर्धंच उघडू लागलं.

"एक हात आत जाते," अलकनंदाबाई म्हणाल्या. "जी साडी हाती लागली ती नेसायची. चांगलं आहे, निवडायची कटकट गेली."

पावसाळ्यात खोलीत कुबट वास सुटला. उंदीर मेला असणार, असं नीळकंठरावांनी जाहीर केलं. दिवाण हलवला, ट्रंका उपसल्या, तेही टॉर्च घेऊन. उंदीर काही सापडला नाही. शेवटी बोर्डालाच फुगवटा आला तेव्हा हिरालालनं तो काढला. मागची भिंत ओलीचिंब होती आणि थर्मोकोलच्या पाठीवर काळी बुरशी चढली होती. फुटक्या पाइपाचं पाणी विटांत मुरत होतं. पूर्वी भिंत आतून सुकायची तरी. आता तीही वाट बंद झाली होती.

"आता घनश्यामभाऊकडे जा लागते," अलकनंदाबाई म्हणाल्या.

"पाहू."

पाहण्यात चार दिवस गेले. पाचव्या दिवशी नीळकंठराव इस्त्रीचा सदरा घालून, जणू लग्नाची बोलणी करायला निघाल्यासारखे, शेजारी गेले. घनश्यामनं सगळं ऐकून घेतलं.

"भाऊजी, मैंने तो तभी कहा था."

"हौ. म्हणूनच तर आलो."

घनश्यामनं चहा मागवला आणि पायाडासाठी आपलेच बांबू दिले. पाइप बदलला, बाहेरून नवीन प्लास्टर झालं. भिंत थंडीभर उघडी ठेवून वाळवली आणि मग आतलं काम पुन्हा केलं. यावेळी कपाट आधी दुसऱ्या भिंतीला लावलं.

पुढच्या मे महिन्यात अलकनंदाबाई जेवण आटोपून त्या खोलीत आडव्या झाल्या. नीळकंठराव भिंतीवर तळवा ठेवून उभे होते.

"इतके वर्षं सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं होतं," त्या कूस बदलत म्हणाल्या. "तुम्ही म्हणाले, जाड भिंत आहे, तापत नसते. आता लाइट बंद करा."

त्यांनी लाइट बंद केला आणि ते व्हरांड्यात येऊन बसले. थोड्या वेळानं घनश्याम भरवेली गावच्या आपल्या जावयाला घेऊन आला. जावयाला तसंच काम आपल्या घरी करायचं होतं, भिंत पाहायची होती. नीळकंठरावांना सांगायला पुष्कळ होतं, व्हिडिओही दाखवायचे होते. पण त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"चार वाजल्यानंतर या," ते हळूच म्हणाले. "आत्ता ती झोपली आहे."